न उतरलेले पाहुणे

चाळीस माणसांचं जेवण शिजून तयार होतं आणि कँटीनमध्ये जेवणारे होते फक्त तीन. त्यातला एक नुसता चमच्याने सूप ढवळत होता, दुसरी जेवता जेवता बोलत होती, आणि तिसरा, म्हणजे भाचा, तेवढा मन लावून खात होता.

बोलणारी होती मामी. खासगी तपासाच्या धंद्यात मामीचं नाव मोठं होतं. ती समोर येऊन बसली की खोटं बोलणाऱ्याला घाम फुटायचा. भाचा तिची गाडी चालवायचा, तिचे रिपोर्ट टाइप करायचा आणि प्रत्येक प्रकरणात न चुकता चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. "तुझा संशय ज्याच्यावर, तो निर्दोष, इतकं तर मी धरूनच चालते," असं मामी म्हणायची, आणि भाचा ते कौतुक समजून हसायचा.

आज मात्र ती दोघं कामाला आली नव्हती, जेवायला आली होती. या लहानशा विमानतळावर एक गवताचा रनवे, एक हँगर, एक ऑफिस आणि काकूंचं कँटीन, एवढाच पसारा होता. हौसेने स्वतःची छोटी विमानं उडवणारी माणसं दर रविवारी लांबलांबून इथे उतरत, आणि ती उतरत ती काकूंच्या हातच्या जेवणासाठी. भाच्याने हे ऐकलं होतं. पण काकूंनी कँटीन फिरून दाखवलं तेव्हा त्याने तोंडात बोटच घातलं.

दाराशी वैमानिकांचे हेडफोन टांगायला खुंट्या, प्रत्येकावर मऊ कापड गुंडाळलेलं. भट्टीजवळ कोमट पाण्याची बादली, उघड्या विमानातून येणाऱ्यांची बोटं गारठतात म्हणून. मागच्या खोलीत स्वच्छ पलंग, वारा सुटला तर मुक्काम करता यावा यासाठी. परत जाताना प्रत्येकाच्या हातात पुडकं, पण असं बांधलेलं की एका हाताने उघडून खाता येईल, कारण दुसरा हात विमानाला लागतो.

"कोबी नाही दिसत कुठे," भाचा म्हणाला होता.

"उडणाऱ्याला कोबी?" काकू चपापल्या. "वर गेल्यावर पोटातला वारा फुगतो, बाळा. बिचारा विमान सांभाळेल की पोट?"

असली ही बाई. भाच्याला ती तिथेच आवडून गेली.

पण आज काकूंच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. हे कँटीन ठेवायचं की काढायचं, ते विमानतळ चालवणाऱ्या क्लबची कमिटी आज ठरवणार होती. आजच्या रविवारी किती पाहुणे उतरतात त्यावर निकाल. वैमानिकांना महिनाभर आधी निरोप गेले होते, हवा आरशासारखी स्वच्छ होती, आणि सकाळपासून उतरलं होतं फक्त एक विमान.

ते विमान डॉक्टरांचं. सूप ढवळत बसलेले तेच. दातांचे डॉक्टर, गेल्या हिवाळ्यात चालता दवाखाना अचानक बंद करून घरी बसलेले, दर रविवारी सगळ्यांच्या आधी येणारे. "तीनदा वाढून घेतल्याशिवाय हे उठत नाहीत," काकू म्हणाल्या, "आणि आज बघा, पाखरासारखं टोचताहेत. माझ्या दुःखाने यांचं जेवण गेलं."

डॉक्टर कसनुसं हसले. त्यांनी चहात दूध ओतलं, ते कपाच्या बाहेर, थेट टेबलावर. टेबलाला आज टेबलक्लॉथही नव्हता, नुसतं लाकूड.

"आणि माझे ते लांब पांढरे टेबलक्लॉथ कुठे गेले देव जाणे!" काकू फडक्याने दूध टिपत म्हणाल्या. "या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारे, काल इस्त्री करून बाकावर ठेवले होते. सकाळी पाव भट्टीत घालून मागे वळते तर बाक रिकामा. आजच्या दिवशी सगळंच उलटं."

तेवढ्यात वर विमानाचा आवाज आला.

काकू धावल्या. पाठोपाठ मामी, हातात चमचा धरून भाचा. निळं छोटं विमान खाली खाली येत होतं. ते रनवेच्या अंगावरून सरळ गेलं, वळलं, पुन्हा एकदा वरून गेलं, आणि पंख हलवून चक्क निघून गेलं.

"बघितलंत?" काकूंचा आवाज भरून आला. "सकाळपासून हेच चाललंय. येतात, वरून बघतात, जातात. माझ्या छपरावर काय विष लिहिलंय का हो?"

मामी वळून दारातून आत पाहत होती. डॉक्टर जागेवरच बसून होते, मान खाली, चमचा सुपात.

"मामी," काकूंनी तिचा हात धरला, "तुम्ही चोर शोधता ना? मग माझे पाहुणे कुणी चोरले तेवढं शोधून द्या. संध्याकाळी क्लबचे सेक्रेटरी कमिटीला सांगणार, कुणी आलं नाही, काढा कँटीन. माझं घर, माझं माणूस, जे काय म्हणाल ते हे एवढंच आहे."

"शोधते," मामी म्हणाली. "भाचेबुवा, चमचा ठेवा आणि चला."

ते निघाले तेव्हा डॉक्टरही कोट चढवून उठत होते. "जरा पाय मोकळे करून येतो," असं पुटपुटत ते स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडले.

*

सेक्रेटरीचं ऑफिस म्हणजे एक टेबल, एक रेडिओ, एक फोन आणि भिंतीवर चहाच्या मशीनची रंगीत जाहिरात.

"मशीनला पगार लागत नाही, रुसवा ठाऊक नाही," सेक्रेटरी म्हणाले. बारीक मिशा, कडक इस्त्री. "बटण दाबा, चहा घ्या. मी पहिल्यापासून म्हणतोय. पण सगळे काकू, काकू, काकू!"

"म्हणजे आज कुणी उतरलं नाही याचं तुम्हाला वाईट वाटलेलं नाही."

"खोटं कशाला बोलू? नाही वाटलं. पण मी काही केलेलं नाही. सकाळपासून कमिटीच्या माणसांना घेऊन हँगरमध्ये आहे. एकेक नट दाखवावा लागतो त्यांना. आत्ताच त्यांना वरच्या खोलीत विश्रांतीला बसवून आलो."

"मग रेडिओवर वैमानिकांना उत्तर कोण देत होतं?"

सेक्रेटरींनी रेडिओकडे असं पाहिलं, जणू तो आजच तिथे आलाय. "आज... कोणी नाही. पण त्याने काय होतं? इथे उत्तर नसलं तरी लोक नेहमी उतरतात. गवत बघायचं, वारा बघायचा, उतरायचं. लहान जागांचा रिवाजच आहे तो."

"फोन?"

"वाजत असेल. मी नव्हतो म्हणालो ना."

बाहेर पडताच भाचा मामीच्या कानाशी लागला. "हाच तो. मशीनवाल्यांशी संगनमत!"

"झालं," मामी म्हणाली. "सेक्रेटरी सुटले."

*

नाना रनवेचं गवत राखायचे. आज त्यांना फाटकावर मोटारी लावून घ्यायला उभं केलं होतं आणि पाहुण्यांची मोटार आली होती एकच, मामीची. त्यामुळे नानांच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या होत्या.

"फाटकावर उभं राहायला माझी गरज काय? गाढवही उभं राहील इथे," ते म्हणाले. "पहाट झाल्या झाल्या रनवे पायाने फिरून बघितला, टोकापासून टोकापर्यंत. तळहातासारखा सपाट! आणि आता सकाळपासून मला त्याचं तोंडही बघू दिलं नाही."

"इथून दिसत नाही तो?"

"अलीकडचा अर्धा दिसतो. मध्ये उंचवटा आहे ना, पलीकडचा उतार कुठूनच दिसत नाही. कँटीनमधूनही नाही, ऑफिसातूनही नाही."

"विमानं कमी उतरली तर तुमचं गवत वाचेल, नाही का, नाना?" मामीने सहज विचारलं.

नाना संतापले नाहीत. उलट त्यांना हसू आलं. "बाई, गवत काय शोभेला वाढवलंय? ज्या रनवेवर चाकं लागत नाहीत तो रनवे कसला, ते कुरण."

मामीने त्यांची अवजारांची खोली बघायला मागितली. नानांनी कमरेची किल्ली काढून दार उघडलं. आत रूळ, फावडी, कुदळी, सगळं ओळीत, पुसून लख्ख. कोपऱ्यात भिंतीला टेकवलेल्या पांढऱ्या रंगाच्या लांब फळ्या, त्यांच्यावर कोळ्यांनी मन लावून जाळी विणलेली.

"आणि या?"

"पावसात चिखल झाला की रनवेवर मांडतो. बऱ्याच वर्षांत हात लावायची वेळ नाही आली. माझं गवत पाणी धरून ठेवत नाही."

"किल्ली आणखी कुणाकडे?"

"सेक्रेटरीकडे. बाकी कुणाला मी फावड्याला बोट लावू देत नाही."

मामीने एका फळीवरची जळमटं बोटाने हळूच दूर केली आणि मान डोलावली. भाच्याला त्यात डोलावण्यासारखं काहीच दिसलं नाही. कोळी तर त्याच्याही घरी होते.

*

कँटीनच्या मागच्या अंगणात आले तर काकू कमरेवर हात ठेवून उभ्या.

"भुतं आली की काय माझ्या मदतीला!" त्या म्हणाल्या. "हे बघा, सापडले!"

वाळत घालायच्या दोरीवर दोन लांबलचक पांढरे टेबलक्लॉथ लोंबत होते. ओलसर, आणि खालच्या अंगाला गवताचे हिरवे डाग.

"मी घातले नाहीत. आणि हे दुसरं नवल. भट्टीतली राख काढायचं माझं लहान फावडं. जन्मात कुणी धुतलं नव्हतं ते. आज नळाखाली घासून, पुसून, जागेवर!"

मामीने टेबलक्लॉथचं एक टोक उलटून पाहिलं, फावड्याच्या दांड्याचा वास घेतला. "काकू, तुमच्या घरात चोर नाही. चांगल्या वळणाचा माणूस आहे."

"मग पाहुणे कुठे गेले माझे?"

"ते विचारायलाच चाललोय. भाचेबुवा, जेवण जिरवायला रनवेवर चक्कर मारू."

वाटेत डॉक्टरांचं पिवळं विमान उभं होतं. मामी त्याच्याभोवती फिरली. उजवं चाक धुळीचं, कोरडं. डावं चाक मात्र वर आसापर्यंत मातीने लडबडलेलं, आणि ती माती आता वाळून भेगाळत होती.

"आज पाऊस कुठे पडलाय?" भाचा म्हणाला.

"छान. कधी नव्हे ते बरोबर विचारलंस."

उंचवटा ओलांडून ते पलीकडच्या उतारावर आले. गवत कापलेलं, एका दिशेने झुकलेलं, विंचरल्यासारखं. भाचा नानांचं मनातल्या मनात कौतुक करत चालला होता, आणि तेवढ्यात त्याचा बूट घोट्यापर्यंत आत गेला.

"अगं आई गं!"

मामी गुडघ्यावर बसली. तिथला गवताचा एक पट्टा बाकीच्यांसारखा झुकलेला नव्हता. त्याची पाती आडवी पडली होती. तिने तो पट्टा चिमटीत धरून उचलला तर तो चटईसारखा वर आला आणि खाली भुसभुशीत, नुकतीच भरलेली माती. राखेचे करडे कण त्यात मिसळलेले.

"उंदीर?" भाचा बूट झटकत म्हणाला.

"उंदीर खड्डा पाडतो. बुजवून वर गवत लावत नाही," मामी म्हणाली आणि एकदम आकाशाकडे पाहत राहिली. आकाश पार रिकामं होतं.

*

परतताना भाऊजी भेटले, काकूंचे धाकटे दीर. गावात त्यांचं खानावळवजा दुकान होतं, आणि वहिनीने इथला व्याप सोडून तिथे यावं अशी त्यांची जुनी इच्छा. पावाच्या टोपल्या व्हॅनमध्ये परत भरत होते.

"वहिनीने आज हिरमुसून यायला हवं माझ्याकडे," ते म्हणाले. "मी खोटं नाही बोलणार. पण तिला रडताना बघवत नाही."

"सकाळी किती वाजता आलात?"

"आलो तेव्हा वहिनी टेबलक्लॉथ शोधत घर डोक्यावर घेत होती. त्याआधी मी दुकानातच होतो, गिऱ्हाइकांना विचारा." मग त्यांनी आवाज खाली केला. "मामी, तुम्ही हुशार. एक सांगा. इतकी वर्षं येतोय पण विचारायची लाज वाटते. तो खांबावर पट्ट्यापट्ट्यांचा पायमोजा कुणाचा टांगलाय हो? वाळला की काढत का नाहीत?"

भाच्याला हसू आवरेना. "अहो, वारा कुठल्या बाजूने वाहतोय ते कळावं म्हणून असतो तो!"

"हात्तिच्या," भाऊजी म्हणाले. "मला वाटलं उंच माणूस असेल."

मामी मात्र हसली नाही. "भाऊजी, तुमच्या या प्रश्नाने तुम्ही सुटलात. आता सगळ्यांना आत बोलवा."

*

कँटीनमध्ये सगळे बसले. काकू भट्टीजवळ, भाऊजी दारात, सेक्रेटरी घड्याळ बघत, नाना टोपी मुठीत धरून. डॉक्टर आपल्या त्याच खुर्चीत. त्यांनी साखरेच्या भांड्याकडे हात नेला, तो भांड्याच्या अलीकडेच टेकला, मग पुढे सरकला.

"काकू म्हणाल्या, माझ्या छपरावर काय लिहिलंय का," मामीने सुरुवात केली. "त्या रागाने म्हणाल्या, पण बरोबर तेच म्हणाल्या. आलेलं प्रत्येक विमान खाली आलं, रनवे वरून पाहिला, फिरून पुन्हा पाहिला, आणि गेलं. जेवण आवडत नसेल तर माणूस येतच नाही. इथवर येऊन तो परत जातो, याचा अर्थ त्याला वरून काहीतरी दिसलं. आपल्याला खालून न दिसणारं काहीतरी."

"काय?" सेक्रेटरी म्हणाले.

"नाना, तुमच्या त्या पांढऱ्या फळ्या रनवेवर कशा मांडता?"

"एकीवर एक आडवी. फुली," नाना म्हणाले, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "फुली म्हणजे रनवे बंद. उतरू नका."

"आज रनवेवर फुली होती. उंचवट्यापलीकडच्या उतारावर, जिथे खालून कुणाची नजर जात नाही. सकाळपासून माझं जेवण होईपर्यंत. फुली दिसली, रेडिओवर कुणी उत्तर देईना, मग शहाणा वैमानिक काय करील? पंख हलवून निघून जाईल."

काकू हळूच खाली बसल्या. "म्हणजे ते माझ्यावर रागावले नव्हते?"

"कुणीही रागावलं नव्हतं."

"पण फळ्या तर कुलपात!" नाना म्हणाले. "आणि त्यावर जळमटं."

"म्हणूनच तुम्ही दोघं सुटलात, तुम्ही आणि सेक्रेटरी. किल्ली तुमच्याकडे होती. तुमच्यापैकी कुणाला रनवे बंद करायचा असता तर फळ्या काढल्या असत्या. ज्याने फुली घातली त्याला कुलूप उघडता येत नव्हतं. त्याला मिळाले काकूंचे टेबलक्लॉथ. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारे, पांढरेशुभ्र."

"भाऊजी!" भाचा ओरडला. "टेबलक्लॉथ घरातल्याच माणसाने—"

"ज्याला वाऱ्याची पिशवी म्हणजे कुणाचा तरी पायमोजा वाटतो, त्याला फुलीचा अर्थ कुठून कळणार?" मामी म्हणाली. "आणि ते आले तेव्हा टेबलक्लॉथ आधीच गेले होते. आता पुढचं ऐका. फुली नुसती कँटीन बुडवायला घातली असती, तर मी गोष्ट इथेच संपवली असती. पण फुलीच्या जागी एक खड्डा होता. भाचेबुवांनी तो पायाने शोधला. कुणीतरी तो बुजवला, आणि वर गवताचा तुकडा लावला, पण आडवा. झोपेतसुद्धा नानांच्या हातून गवत असं बसणार नाही. फावडं वापरलं काकूंच्या भट्टीचं, कारण नानांची कुलपात. मातीत राख राहिली. मग फावडं धुतलं, टेबलक्लॉथ दोरीवर घातले. दुसऱ्याची वस्तू धुऊन परत ठेवणारा माणूस शत्रू नसतो. त्याने फुली घातली ती कुणी त्या खड्ड्यात पडून मरू नये म्हणून."

नानांनी टोपी टेबलावर ठेवली.

"पहाटे नानांनी रनवे चालून पाहिला तेव्हा तो सपाट होता. त्यानंतर त्यावर एकच विमान उतरलं. त्याचं एक चाक आसापर्यंत मातीत बुडालेलं आहे, पाऊस नसताना. आणि एक गोष्ट मला जेवतानाच खटकली होती. वर विमानाचा आवाज आला की वैमानिक मान वर करतोच, जेवत असो की झोपत असो. आज आम्ही सगळे धावलो. मान खाली घालून बसला तो एकटा वैमानिक. त्याला माहीत होतं की ते विमान उतरणार नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच."

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला.

"पण खड्डा पडला तर सांगायचं ना!" सेक्रेटरी म्हणाले. "खड्डे काय, पडतात."

"सांगितलं असतं तर कसा पडला हे सांगावं लागलं असतं," मामी म्हणाली, आणि तिचा आवाज आता मऊ झाला होता. "दूध कपाबाहेर. हात साखरेच्या अलीकडे. चालता दवाखाना अचानक बंद. डॉक्टर, कुठला डोळा?"

"डावा," डॉक्टर म्हणाले. "हिवाळ्यात गेला. एका डोळ्याने सगळं दिसतं हो, फक्त किती लांब आहे ते कळत नाही. दाढ किती आत आहे ते कळेना, म्हणून दवाखाना बंद केला. पण विमान... वाटलं, रोजची जागा आहे, हात ओळखीचे आहेत. आज मला वाटलं जमीन अजून खाली आहे, आणि ती एकदम वर आली. डावं चाक आपटलं, घासत गेलं, गवताचा लचका निघाला."

"आणि तुम्ही गप्प बसलात?" भाऊजींचा आवाज चढला. "वहिनी सकाळपासून रडतेय!"

"भराभर खड्डा बुजवून फुली काढेन, असं ठरवलं होतं. पण कमिटीची माणसं हँगरच्या दारातून हलेनात. त्यांच्यासमोरून फावडं घेऊन जाताना दिसलो असतो तर... विमानांमागून विमानं आली आणि गेली. काकू मला वाढत होत्या आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. बोललो असतो तर उडणं संपलं असतं. उडणं संपलं की रविवार संपले. घरी भिंती आहेत हो नुसत्या. मी भित्रा निघालो, काकू. तुमचं जेवण जेवून तुमच्याच घरावर फुली मारली."

भाच्याला त्या माणसाचा राग यायला हवा होता. तो आलाच नाही. जीव वाचवायला धावणारा आणि लाज लपवायला बसून राहणारा, असे दोघे एकाच कोटात बसले होते.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला नाही, आवाजही चढवला नाही. "माणसं खड्ड्यात पडली नाहीत हे पहिलं," त्या म्हणाल्या. "बाकीचं मग."

"मग म्हणजे कधी?" सेक्रेटरी घड्याळ दाखवत म्हणाले, पण त्यांच्या आवाजातली इस्त्री जरा चुरगळली होती. "मला संध्याकाळी कमिटीला सांगायचंय."

"संध्याकाळ झालीय का?" मामीने खिडकीकडे बोट केलं. "ऊन अजून भिंतीवर आहे. मला सांगा, इथून परत गेलेली विमानं कुठे गेली असतील?"

"शेजारच्या मैदानावर. दुसरीकडे कुठे जाणार?"

"तिथे खायला काय मिळतं?"

सेक्रेटरी घुटमळले. "मशीन आहे. चहाचं. आणि बिस्किटं."

नाना उठलेसुद्धा होते. "मी रूळ फिरवतो. त्या जागेवर झेंड्या लावतो. अलीकडच्या अर्ध्यात उतरायला भरपूर जागा आहे." ते इतक्या वेगाने निघाले की टोपी टेबलावरच राहिली.

डॉक्टर उभे राहिले. "रेडिओवर मी बोलतो," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी बोलायचं नाही."

ऑफिसात सगळे त्यांच्यामागे दाटीवाटीने उभे राहिले. डॉक्टरांचा हात बटणावर पहिल्या खेपेला चुकला, दुसऱ्या खेपेला बसला. त्यांनी जागेचं नाव सांगितलं, आपलं सांगितलं, आणि मग न थांबता म्हणाले, "रनवे उघडा आहे. सकाळची फुली मी घातली होती. मी वाईट उतरलो, खड्डा पाडला आणि लपवला. मला एका डोळ्याने दिसत नाही. आजपासून मी उडत नाही. काकूंची काही चूक नाही, त्या सकाळपासून तुमची वाट बघताहेत. जेवण गरम आहे."

रेडिओ खरखरला आणि गप्प झाला. मग कुणाचा तरी भुकेजलेला आवाज आला.

"कोंबडी उरलीय का?"

"सगळीच उरलीय!" काकू मागून ओरडल्या. "या लवकर!"

"आम्ही सगळे निघालो," आवाज म्हणाला. "डॉक्टर, सांगितलंत ते बरं केलंत."

सेक्रेटरींनी मशीनच्या जाहिरातीकडे पाठ केली. मग खुर्ची ओढून रेडिओसमोर बसले. "आता इथून मी हलत नाही," ते म्हणाले. "प्रत्येकाला उत्तर देईन. आणि कमिटीला सांगतो, खाली या, जेवून मग काय ते ठरवा."

डॉक्टरांनी खिशातून विमानाची किल्ली काढली आणि काकूंच्या हातात ठेवली. आता मात्र त्यांच्या डोळ्यांतून, चांगल्या आणि वाईट दोन्ही, घळाघळा पाणी वाहू लागलं. "येतो मी," ते म्हणाले. "गावात बस मिळेल."

"कुठे निघालात?" काकू म्हणाल्या. "उडायचं बंद. यायचं बंद कुणी सांगितलं? भाऊजी, दर रविवारी व्हॅन यांच्या दारावरून वळवायची."

"वहिनी, केवढा वळसा पडेल!"

"पडू दे."

भाऊजींनी मामीकडे पाहिलं, मामीने छताकडे. लांबवर, ऐकू येईल न येईल असा, पहिल्या इंजिनाचा आवाज उमटला होता. त्यामागे दुसरा.

काकूंनी किल्ली खिळ्याला अडकवली, एप्रन पुन्हा बांधला आणि डॉक्टरांच्या हातात सुरी दिली. "आणि रडायचंच असेल तर इथे उभे राहून रडा. चाळीस माणसांच्या कोशिंबिरीचे कांदे चिरायचेत."